ऋद्धपूर : एका गावाचे गद्य

प्राचीन मराठी वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाच्या वहीत ऋद्धपूर हे नाव एकदा तरी येऊन गेलेले असते. 'लीळाचरित्र, कर्ता म्हाइंभट, शके १२००, रचनास्थळ ऋद्धपूर' अशी ती नोंद असते आणि परीक्षेच्या दृष्टीने तेवढी पुरते. पुढच्या पानावर ज्ञानेश्वरी सुरू होते आणि ऋद्धपूर मागे पडते. आम्ही अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे. हे गाव आमच्या परिसरातले असूनही आमच्या अध्यापनात ते बहुधा त्या एका ओळीपुरतेच राहिले आहे. प्रस्तुत लेख त्या ओळीचा विस्तार करण्याचा प्रयत्न आहे.

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या पट्ट्यात हे गाव आहे. शासकीय कागदपत्रांत आणि बोलण्यात रिद्धपूर, पंथीय ग्रंथांत ऋद्धिपूर किंवा ऋद्धपूर, तर इंग्रजी राजवटीच्या लेखनात रिटपूर किंवा रिथपूर अशी त्याची नावे आढळतात. महानुभावांसाठी ते परमेश्वरपूर आहे. मराठीतील पहिला गद्यग्रंथ येथे लिहिला गेला याचा अभिमान वऱ्हाडी माणसाला असतो आणि तो रास्तही आहे. परंतु आमच्या मते या गावाचे वाङ्मयीन महत्त्व केवळ 'जन्मस्थान' या शब्दाने पुरेसे व्यक्त होत नाही. ग्रंथ कोठेतरी लिहिला जातोच. ऋद्धपूरचे वेगळेपण असे की येथे मराठी गद्य लिहिले गेले आणि त्या गद्याने लगेच याच गावाकडे आपली दृष्टी वळवली. ज्याचे रोजचे जगणे, गल्लीबोळ, भांडणे, खाणेपिणे आणि पाण्याची टंचाई मराठीत प्रथम सविस्तर नोंदली गेली, असे गाव म्हणून ऋद्धपूरकडे पाहिले पाहिजे.

इंग्रजी साहित्यात गावाच्या इतिहासाची एक मोठी परंपरा आहे. तेथील धर्मपीठांतून १५३८ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या ठेवल्या जात. गिल्बर्ट व्हाइट याने १७८९ मध्ये सेलबोर्न या आपल्या लहानशा गावाच्या निसर्गावर आणि पुरातन अवशेषांवर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. १८९९ मध्ये परगण्यांच्या इतिहासाची एक मालिका सुरू झाली, तिचे खंड अजूनही निघत आहेत. आपल्याकडे असे काही नाही, असे आपण सहज म्हणून जातो. त्या म्हणण्याला ऋद्धपूर हे एक उत्तर आहे.

ताम्रपटांचा थर

गावाचा इतिहास महानुभावांपासून सुरू होत नाही. ऋद्धपूर येथे दोन महत्त्वाचे ताम्रपट सापडले आहेत. त्यांतील एक वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा. गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची ही कन्या, वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन याची पत्नी. पतीच्या निधनानंतर मुले लहान असताना तिने राज्यकारभार सांभाळला. ऋद्धपूरचा ताम्रपट तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षातला, म्हणजे पाचव्या शतकातला असून तो रामगिरीस्वामीच्या पायाशी, अर्थात आजच्या रामटेकहून, दिलेला आहे. दुसरा ताम्रपट नल वंशातील भवत्तवर्मा या राजाच्या काळातला. वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखांच्या संग्रहात प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटाचे संपादन केले आहे.

या ताम्रपटांची भाषा संस्कृत, आशय दानाचा, कर्ता राजघराण्यातला. त्यांत गावे आणि जमिनी येतात, देणारे आणि घेणारे येतात. त्या जमिनीवर राबणारा माणूस काय बोलत होता, हे मात्र ताम्रपटाच्या कक्षेबाहेरचे असते. सुमारे आठशे वर्षांनंतर त्याच गावात दुसऱ्या प्रकारचे लेखन सुरू झाले तेव्हा हा क्रम उलटला. दान देणारे राजे मागे सरकले आणि दुकानदार, कुणबी, मातंग, म्हाताऱ्या बाया पुढे आल्या. एकाच गावाच्या मातीत हे दोन्ही थर असणे साहित्याच्या विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवणारे आहे.

राऊळ आणि त्यांचे गाव

तेराव्या शतकात या गावात गोविंदप्रभू नावाचे एक सत्पुरुष राहत होते. जवळच्या काटसुरे गावी काण्वशाखीय ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच वारले, म्हणून आईकडच्या नातलगांनी त्यांना ऋद्धपुरी आणले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच काढले. गुंडम राऊळ, श्रीप्रभू अशीही त्यांची नावे आहेत. महानुभावांच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण, दत्तात्रेय आणि चांगदेव राऊळ यांच्यानंतर त्यांचे स्थान, आणि त्यांच्यानंतर चक्रधरांचे.

गोविंदप्रभूंचे वर्तन मात्र कोणत्याही आचार्याच्या कल्पनेत बसणारे नव्हते. ते वाटेल त्या घरात शिरत, वाटेल ते मागत, मुलासारखे हट्ट करीत, लाडाने मरणाच्या शिव्या देत. काहींना ते वेडे वाटत, काहींना ईश्वर. बहुतेकांना ते एकाच वेळी दोन्ही वाटत असावेत. गावाने त्यांना सांभाळले आणि गावाची भावना अशी होती की तेच गावाला सांभाळतात. राऊळ म्हणजे आपली आई आणि बाप, असे लोक म्हणत.

चक्रधर भडोचहून निघाले ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून. ज्या रामगिरीवरून प्रभावतीगुप्तेने दान दिले, त्याच दिशेचा हा रस्ता. ऋद्धपुरी त्यांना गोविंदप्रभू भेटले आणि त्यांच्यापासून चक्रधरांनी शक्तिस्वीकार केला, अशी पंथाची धारणा आहे. पुढे चक्रधरांचे भ्रमण झाले. वऱ्हाडातील आळजपूर म्हणजे अचलपूर, मेहकर, लोणार ही स्थळे लीळाचरित्रात येतात. नंतरचा मोठा काळ गोदातीरी गेला. इ.स. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनी उत्तरापंथे प्रयाण केले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या अनुयायांना श्रीप्रभूंच्या सान्निध्यात राहण्यास सांगितले होते. त्याप्रमाणे नागदेवाचार्य अर्थात भटोबास, म्हाइंभट, महदाइसा, आबाइसा आणि इतर मंडळी ऋद्धपुरी आली.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ही मंडळी प्रामुख्याने गोदातीराची. म्हाइंभट सराळ्याचे, चक्रधरांशी वाद करण्यास आलेले आणि शिष्य होऊन राहिलेले पंडित. ऋद्धपूरचे गद्य ज्यांनी घडवले ते या गावाचे मूळ रहिवासी नव्हते. गुरूच्या वियोगाने सैरभैर झालेला एक समूह परक्या गावी येतो, तेथल्या एका विलक्षण वृद्धाची सेवा करतो आणि त्या सेवेच्या फटीफटींतून आपल्या आठवणी गोळा करतो. मराठी गद्याचा उगम सांगताना वऱ्हाडचा अभिमान बाळगावा, पण तो बाळगताना या स्थलांतराचे विस्मरण होऊ देऊ नये. गावाचे मोठेपण त्या लोकांना जागा देण्यात आहे.

वाजेश्वरी : आठवणीची शिस्त

ऋद्धपुरातील वाजेश्वरी हे स्थान लीळाचरित्राच्या लेखनाशी जोडलेले आहे. नागदेवाचार्य चक्रधरांच्या लीळांचे स्मरण करीत बसत. ते स्मरण त्यांच्याबरोबरच संपून जाईल, या जाणिवेतून म्हाइंभटांनी ते लिहून घेण्याचे ठरवले, असे परंपरा सांगते. कारण साधे आहे, पण त्याचा परिणाम दूरगामी झाला. येथे लेखनाची प्रेरणा काव्याची नाही, राजाश्रयाची नाही, पांडित्याचीही नाही. प्रिय माणसाचे बोलणे विसरले जाण्याची भीती, एवढीच ती प्रेरणा आहे.

या भीतीतून म्हाइंभटांनी जी पद्धत उभारली ती आजच्या संशोधकालाही विचार करायला लावणारी आहे. ज्याच्या बाबतीत जी घटना घडली, त्याच्याकडे जाऊन ती ऐकायची, ऐकलेले लिहायचे, लिहिलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळायचे. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी पुढे ग्रंथाची रचना झाली. शके १२००, म्हणजे इ.स. १२७८, हा परंपरेने मानलेला काळ. लंडन येथे मराठीचे अध्यापन करणारे आय. एम. पी. रेसाइड यांच्यासारख्या अभ्यासकांनी महानुभाव ग्रंथांच्या कालनिश्चितीबाबत सावधगिरीचा सल्ला दिलेला आहे आणि तो मानला पाहिजे. पण काही वर्षे इकडेतिकडे झाली तरी ज्ञानेश्वरीच्या आधीच्या दशकांतले हे लेखन, हे त्याचे स्थान ढळत नाही.

पद्धतीची खरी कसोटी पुढे लागली. मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली, असे सांगतात. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्यांत हिराइसा या स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. अशा अनेक पाठांतून आलेल्या पोथ्यांत एकाच प्रसंगाची वेगवेगळी कथने मिळतात. महानुभाव लेखकांनी ती लपवली नाहीत. एक कथन दिल्यावर दुसऱ्या कोणाचे निराळे कथन 'वासना' या संज्ञेने नोंदवले. कोणाच्या म्हणण्याप्रमाणे काय, हे वाचकापुढे ठेवायचे आणि निवाड्याची घाई करायची नाही, हा विवेक श्रद्धाग्रंथात दिसणे विशेष आहे. आपल्या पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही पाश्चात्त्य परिभाषा शिकवतो. 'वासना' हा घरचा शब्द त्या तासाला येत नाही.

ग्रंथात उतरलेले गाव

गोविंदप्रभू इ.स. १२८५ ते १२८८ च्या दरम्यान निवर्तले. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांचे चरित्र लिहिले. ऋद्धपूरचरित्र, ऋद्धपूरलीळा किंवा गोविंदप्रभुचरित्र अशा नावांनी ते ओळखले जाते. तीनशेहून अधिक लीळांचा हा ग्रंथ. ॲन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९८४ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्या अनुवादाच्या शीर्षकात 'ऋद्धिपूर' हे गावाचे नाव आहे, हे सूचक आहे. लीळाचरित्र हा प्रवासाचा ग्रंथ आहे. त्यातले चक्रधर सतत चालत असतात. ऋद्धपूरचरित्र हा एका जागचा ग्रंथ आहे. त्याचा नायक गाव सोडून फारसा कोठे जात नाही, त्यामुळे कथनाला गावातच फिरावे लागते.

हे फिरणे म्हणजेच गावाची पाहणी. देवळे येतात, मठ येतात, बाजार येतो, विहिरी येतात, गावाबाहेरची वस्ती येते. लीळा लहान, वाक्ये त्याहून लहान. कोण कोठे बसले होते, काय शिजवले होते, कोण काय बोलले, मग काय झाले, एवढेच सांगून लीळा संपते. अलंकार नाहीत, तात्पर्यही बहुधा नाही. गोविंदप्रभूंना धिरडी खाण्याची लहर येते आणि ती पुरवण्याची जबाबदारी महदाइसेवर पडते, असा प्रसंग तेथे येतो. तेराव्या शतकातले एक स्वयंपाकघर, तेथे काम करणारी बाई आणि तिची तारांबळ हे मराठी गद्याला लिहिण्याजोगे वाटले, ही गोष्ट लहान नाही.

आणि तेथेच पाण्याचा प्रसंग येतो. गावकुसाबाहेरच्या मातंगांना पाणी नव्हते. त्यांनी गोविंदप्रभूंना विनवले. त्यांनी जागा दाखवली, तेथे खणले आणि पाणी लागले. भक्तासाठी हा चमत्कार आहे. इतिहासाच्या वाचकासाठी त्यात याहूनही अधिक काही आहे. पाणी कोणाला होते आणि कोणाला नव्हते, हे ही लीळा सांगते. अस्पृश्यांना गावाच्या विहिरी बंद होत्या, हे स्मृतिग्रंथांच्या आधारे आपण अनुमानतो. येथे एका नाव असलेल्या गावात, नाव असलेल्या माणसाकडे तहानलेले लोक मागणी घेऊन आलेले दिसतात. गोविंदप्रभू महारामातंगांच्या घरी जातात आणि तेथून इतरांच्या घरीही जातात, म्हणून गावातील वरिष्ठ वर्णीयांची झालेली चलबिचलही ग्रंथाने लपवलेली नाही. वऱ्हाडात पाण्याचा प्रश्न आजही उन्हाळ्यागणिक उभा राहतो. त्या संदर्भात ही लीळा वर्गात वाचली, तर जुनी मराठी विद्यार्थ्यांना परकी वाटणार नाही, असे आम्हांस वाटते.

क्रिश्चन नोवेट्झके यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तेराव्या शतकातील मराठीच्या उदयाचा विचार नेमक्या याच अंगाने, रोजच्या जगण्याच्या अंगाने, केला आहे. आम्ही येथे आणखी एक तुलना सुचवू इच्छितो. फ्रेंच इतिहासकार ल र्‍वा लादुरी यांचा 'मोंतायू' हा १९७५ चा ग्रंथ ग्रामेतिहासाचा मानदंड मानला जातो. पिरेनीज पर्वतातील मोंतायू या लहान गावातील पाखंडी ठरवलेल्या लोकांच्या जबान्या झाक फूर्निए या बिशपाने १३१८ ते १३२५ या काळात लिहवून घेतल्या होत्या. हाच बिशप पुढे पोप झाला. त्या नोंदवहीच्या आधारे लादुरींनी गावातील प्रेम, भांडणे, मेंढपाळी आणि मृत्यूविषयीच्या कल्पना उभ्या केल्या. ऋद्धपूरचे लेखन त्या जबान्यांच्या तीनेक दशके आधीचे. मोंतायूच्या शेतकऱ्यांचे शब्द टिकले ते त्यांना शिक्षा करू पाहणाऱ्याच्या दप्तरात, आणि तेही लॅटिनमध्ये रूपांतरित होऊन. ऋद्धपूरच्या लोकांचे शब्द टिकले ते त्यांच्यात येऊन राहिलेल्या माणसाच्या पोथीत, त्यांच्याच भाषेत. अर्थात प्रेमानेही नोंद एकांगी होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. ऋद्धपूरचरित्र हा भक्तिग्रंथ आहे. त्यातील प्रत्येक माणूस शेवटी गोविंदप्रभूंच्या संदर्भातच दिसतो. लादुरींना जसे न्यायाधीशाचा रोख बाजूला सारून वाचावे लागले, तसे आपल्याला भक्ताचा रोख ओळखून वाचावे लागेल. असे वाचन मराठीत अजून पुरेसे झालेले नाही.

महदाइसेचे धवळे

गावाच्या वाङ्मयीन वारशात पद्याचाही भाग आहे. वृद्ध गोविंदप्रभूंना एकदा लग्नाची हौस आली. सेवकांनी लग्नाचा थाट मांडला आणि लग्नात गाणी हवीत म्हणून महदाइसेने श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिची ओळख या धवळ्यांवर उभी आहे. 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' ही तिची आणखी एक रचना.

या प्रसंगाला एक स्थानिक परिमाण आहे. रुक्मिणीचे माहेर कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. ते याच अमरावती जिल्ह्यात. विदर्भाच्या लेकीच्या लग्नाचे गाणे विदर्भातच एका बाईने रचले. बायका लग्नात गातात तो प्रकार तिने उचलला. त्यासाठी तिला वेगळा काव्यप्रकार शोधावा लागला नाही. स्मृतिस्थळात नागदेवाचार्यांचा एक प्रसंग आहे. पंडित केसोबास आणि दामोदर पंडित यांचा ओढा संस्कृतकडे असताना नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, कारण एरवी साध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. हिराइसेची स्मृती आणि महदाइसेचे गाणे डोळ्यांपुढे ठेवले, तर हा आग्रह केवळ दयेपोटी नव्हता, हे लक्षात येते. ज्यांच्यासाठी मराठी हवी होती त्याच बायांनी पुढे ती सांभाळली.

ओटे, पोथ्या आणि विस्मरण

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, लेणे किंवा हेमाडपंती मंदिर येते. ऋद्धपूरचा वारसा या पठडीतला नाही. महानुभावांनी जपली ती 'स्थाने'. म्हणजे अवतारपुरुष जेथे बसले, जेवले, निजले, त्या जागा. अशा जागांवर ओटे बांधले गेले. स्थानपोथी या ग्रंथात ही स्थाने गावोगावी दिशा आणि खाणाखुणांसह नोंदलेली आहेत. ऋद्धपुरातील राजमठ आणि वाजेश्वरी ही त्यांतली ठळक नावे. पुढे नारायण व्यास बहाळिये यांनी 'ऋद्धपूरवर्णन' रचले आणि महानुभावांच्या प्रसिद्ध साती ग्रंथांत त्याला स्थान मिळाले. एका गावाच्या वर्णनाला सांप्रदायिक वाङ्मयाच्या पहिल्या पंक्तीत बसवणे, हे आपल्याकडे विरळाच.

मग हे सारे शतकानुशतके मराठी वाचकांपासून दूर का राहिले? पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, हे एक कारण. पवित्र ग्रंथ परक्यांच्या हाती जाऊ नयेत ही त्यामागची भावना. पण दुसरे कारण समाजाच्या बाजूचे आहे. वेदप्रामाण्य आणि मूर्तिपूजा न मानणाऱ्या, जातिभेदाला उघड विरोध करणाऱ्या या पंथाविषयी तुच्छतेच्या कथा प्रसृत झाल्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी वऱ्हाड आणि मध्यप्रांताविषयी लिहिताना त्यांतल्या काही तशाच टिपून ठेवल्या. 'मानभावी' हा शब्द ढोंगी नम्रतेच्या अर्थाने आपण आजही सहज वापरतो. तो शब्द महानुभाव या नावाचाच अपभ्रंश आहे. ज्यांनी भाषेला पहिला गद्यग्रंथ दिला, त्यांच्या नावाचा भाषेने निंदेसाठी वापर केला. शब्दार्थाच्या अपकर्षाचे उदाहरण म्हणून व्याकरणाच्या तासाला हा शब्द दिला जातो तेव्हा त्यामागचा हा इतिहासही सांगितला गेला पाहिजे.

दरम्यान ऋद्धपूरचे नाव मात्र दूरवर गेले होते. पंजाबात जयकृष्णी म्हणून ओळखला जाणारा हाच पंथ पेशावर आणि काबूलपर्यंत पोहोचला आणि त्याच्याबरोबर मराठी पोथ्याही गेल्या. मराठी मातृभाषा नसलेली माणसे धर्मभाषा म्हणून मराठी वाचत होती आणि ऋद्धपूर हे त्यांचे तीर्थ होते. ज्या काळात महाराष्ट्रातील विद्वानांना लीळाचरित्राचा गंधही नव्हता, त्या काळात वायव्य सरहद्दीवर मराठी ग्रंथ वाचले जात असावेत, ही कल्पनाच मनाला चकित करते.

विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केल्यावर चित्र पालटले. यात वैदर्भीय अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. यवतमाळला शारदाश्रम स्थापन करणारे य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये आले. ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्र प्रकाशात आणले. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते यांनी तर उभे आयुष्य या वाङ्मयाला दिले. त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पंथाच्या महंतांनी पोथ्या उघडल्या नसत्या तर यातले बरेचसे काम अशक्य होते, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

आता पुढे

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याची घोषणा झाली. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा आराखडा पाहिला, कायदा झाला आणि २०२४ मध्ये महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू म्हणून नियुक्त झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एका खेड्याच्या नावाने भाषेचे विद्यापीठ उभे राहते, ही घटना आनंदाची आहे.

आमची चिंता निराळी आहे. गौरवाच्या भरात गाव पुन्हा एका ओळीत आकसून जाऊ शकते. पूर्वी ती ओळ प्रश्नपत्रिकेत होती, आता ती फलकावर येईल. 'मराठीचे जन्मस्थान' एवढे वाचून पाहुणा परत फिरेल आणि ज्या लोकांच्या बोलण्यातून ते गद्य घडले, त्यांच्याविषयी त्याला काहीच कळणार नाही. विद्यापीठाने भव्य ग्रंथालय उभारावे, हस्तलिखितांचे डिजिटल जतन करावे, हे तर झालेच पाहिजे. पण म्हाइंभटांच्या गावातील विद्यापीठाकडून आणखी एक अपेक्षा ठेवावीशी वाटते, आणि तिची सुरुवात करण्यासाठी आपल्या महाविद्यालयांनी कोणाच्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पदव्युत्तर वर्गांना प्रकल्प असतो. बहुतेक प्रकल्प दोनचार पुस्तकांतून उतरवून काढलेले असतात, हे आपण सारे जाणतो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्याच गावी पाठवावे. विहीर कोणी खणली, कोणाला तेथे पाणी भरता येत नव्हते, जुना बाजार कोठे भरे, जात्यावरच्या कोणत्या ओव्या अजून कोणाला येतात, हे जाणत्या माणसांकडून त्यांच्याच बोलीत लिहून आणायला सांगावे. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे. दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही लिहावे आणि दुसऱ्यावर 'वासना' असे नोंदवावे. लिहिलेले गावातल्या एखाद्या वृद्धाला वाचून दाखवावे. वऱ्हाडी बोलीतले शेतीचे आणि स्वयंपाकाचे पुष्कळ शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. नागदेवाचार्य बसून आठवत होते आणि म्हाइंभटांनी विचारले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी आज्या बसून आठवत आहेत. त्यांना विचारायला या सत्रात कोणाला पाठवायचे, त्याची यादी आम्ही करायला घेतली आहे. इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनीही ती आपापल्या परीने करावी, अशी विनंती आहे.